घरच्या बैठकीत ख्याल कसा ऐकवावा

ज्याला स्वतःला गाता-वाजवता येत नाही, पण अनेक वर्षे मन लावून शास्त्रीय संगीत ऐकले आहे, अशा रसिकाला आपल्याला लाभलेला आनंद आप्तमित्रांनाही मिळावा असे वाटते आणि तो त्यांना मोबाइलवर ध्वनिमुद्रणे पाठवत राहतो. ती बहुधा ऐकली जात नाहीत, कारण पाऊण तासाचा ख्याल, म्हणजे रागाचा विस्तार करत गायचा शास्त्रीय गायनप्रकार, एकट्याने, कामाच्या गडबडीत आणि कोणत्याही पूर्वतयारीशिवाय ऐकणे नवख्याला जड जाते. त्यापेक्षा चार-पाच जणांना एखाद्या संध्याकाळी घरी बोलावून दीड तास एकत्र ऐकणे कितीतरी अधिक फलदायी ठरते.

अशा बैठकीसाठी एकच राग निवडावा. एका संध्याकाळी पाच राग ऐकवले, तर श्रोत्याच्या मनात एकाचीही ओळख उरत नाही. सुरुवातीला भूप घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्यात सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर आहेत, मराठी कानाला ते भूपाळ्यांतून आणि भावगीतांतून आधीच परिचित आहेत आणि रागाची वेळ रात्रीचा पहिला प्रहर असल्यामुळे जेवणाआधीची बैठक त्याला नेमकी साजते. ध्वनिमुद्रण किशोरी आमोणकर यांचे घ्यावे. त्यांचा विलंबित (संथ लयीतला) ख्याल आणि त्यापुढची ‘सहेला रे’ ही द्रुत (जलद लयीतली) बंदिश, म्हणजे बांधलेली रचना, सहज उपलब्ध आहे.

मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर मात्र काहीही ऐकवू नये, कारण त्यातून तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीसा होतो आणि ज्या आधारावर गाणे उभे असते तोच श्रोत्यापर्यंत पोचत नाही. साधासा, पण बऱ्यापैकी मोठा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावा आणि पंखा शक्यतो बंद करावा. वातावरणनिर्मितीसाठी तंबोऱ्याचे अॅप लावायचे असेल, तर ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी ते न विसरता थांबवावे. दोन वेगळ्या पट्ट्यांतले षड्ज, म्हणजे ‘सा’, एकत्र ऐकू आले, तर नवख्या कानालाही ते खुपते. आरंभीचा तंबोरा पुढे ढकलून थेट गाण्यावर जाऊ नये. त्या काही क्षणांत सर्वांना हलक्या आवाजात ‘सा’ गुणगुणायला सांगावे.

यानंतर समेची, म्हणजे तालाच्या प्रत्येक आवर्तनातल्या (फेरीतल्या) पहिल्या मात्रेची, ओळख करून द्यावी, आणि माझ्या मते संपूर्ण बैठकीतले सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे. रागाचे थाट, आरोह-अवरोह आणि घराण्यांचा इतिहास नंतर केव्हाही सांगता येतो. सम पकडता आली की मात्र श्रोता त्याच क्षणी गाण्यात सहभागी होतो. आधी त्रितालाचा ठेका तोंडाने म्हणावा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर काल, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला नेणे, हे सर्वांकडून हाताने करून घ्यावे. मग विलंबित ख्यालाआधी द्रुत बंदिश लावावी. मैफलीचा क्रम याच्या उलट असतो हे खरे, पण द्रुत लयीत आवर्तन काही सेकंदांत पुरे होते आणि मुखडा, म्हणजे बंदिशीचे सुरुवातीचे शब्द, पुन्हापुन्हा समेवर येताना स्पष्ट ऐकू येतो. थोड्या वेळाने कोणीतरी आपोआप मान हलवू लागते. तेव्हा काहीही न बोलता बंदिश शेवटपर्यंत ऐकू द्यावी.

आता विलंबित ख्याल लावावा. येथे तेच आवर्तन कितीतरी लांबते, म्हणून एवढेच सुचवावे की गायिका स्वरांचा विस्तार करत कितीही दूर गेली, तरी मुखड्याचे शब्द कानी पडताच समेची वाट पाहावी. गाणे चालू असताना समजावून सांगण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आपल्याला आवडणारी जागा येण्यापूर्वी ‘आता ऐका’ म्हटले, की श्रोता स्वतः ऐकण्याऐवजी आपल्या चेहऱ्याकडे पाहू लागतो.

प्रश्न आले, तर देसकाराचा छोटासा अंश ऐकवावा. तो सकाळचा राग असला तरी उदाहरणापुरता रात्री ऐकवायला हरकत नसावी. स्वर भूपाचेच, पण भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर, आहे, तर देसकारात धैवत (ध). त्यामुळे भूप पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात, रमतो आणि देसकार वरच्या षड्जाकडे झुकतो. राग म्हणजे स्वरांची नुसती यादी नव्हे, हे या पाच मिनिटांत जितके उमगते तितके दीर्घ व्याख्यानानेही उमगत नाही.

शेवट भैरवीने करावा, आणि त्यासाठी केसरबाई केरकर यांचे ‘जात कहाँ हो’ हे सुमारे साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मला सर्वांत योग्य वाटते. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या सुवर्ण तबकडीत भारतीय संगीताचा प्रतिनिधी म्हणून तेच निवडले गेले, हे ऐकून लहान मुलेही सावरून बसतात. केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर (किशोरीताईंच्या मातुःश्री) या दोघी गोव्याच्या आणि दोघीही जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या शिष्या. घराण्याविषयी पहिल्या दिवशी एवढे सांगितले तरी पुरे.

पुढच्या एक-दोन बैठकांनंतर या मंडळींना प्रत्यक्ष मैफलीला न्यावे. 1953 पासून चालत आलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव अवश्य दाखवावा, परंतु पहिली मैफल एखाद्या मंदिरातली किंवा छोट्या सभागृहातली असावी, जेथे तंबोरे जुळवताना जवळून पाहता येतात. तेथे वेळेआधी पोचून पुढे बसावे, आणि कोणाला लवकर निघायचे असेल तर एक राग संपून दुसरा सुरू होण्यापूर्वी उठावे, हे घरूनच ठरवून निघावे.