डीलर परस्पर सौदे करतोय? खातं असं तपासा, तक्रार अशी करा

शेअर ब्रोकरची दलाली सौद्यावर ठरते, तुमच्या नफ्यावर नाही. म्हणूनच काही डीलर (ब्रोकरकडे ग्राहकांच्या ऑर्डर टाकणारे कर्मचारी) आणि ऑथराइज्ड पर्सन (ब्रोकरचे प्रतिनिधी, पूर्वीचे सब-ब्रोकर) ग्राहकाच्या खात्यात कारण नसताना खरेदी-विक्री फिरवत राहतात. बाजारात याला चर्निंग म्हणतात. केवळ दलाली वाढावी म्हणून ग्राहकाला सौदे करायला लावणं हा सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या) २००३ च्या नियमांनुसार गैरव्यवहार आहे.

आधी हिशेब मांडा. ब्रोकरकडून वर्षभराचं लेजर (खात्यातल्या जमा-खर्चाचा उतारा) आणि सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट (त्या-त्या दिवसाच्या सौद्यांची पावती) मागवा. वर्षातली एकूण खरेदी भागिले खात्यातली सरासरी गुंतवणूक, म्हणजे पैसा वर्षात किती वेळा फिरला ते कळतं. समजा, सरासरी ५ लाख रुपये आहेत आणि वर्षात डिलिव्हरीत (शेअर प्रत्यक्ष खात्यात घेऊन) ४० लाखांची खरेदी व तेवढीच विक्री झाली. दलाली दोन्ही बाजूंना ०.५ टक्का धरली तर ४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,२०० रुपये, ०.१ टक्का दराने एसटीटी (शेअर सौद्यावरचा कर) ८,००० रुपये आणि खरेदीवरची स्टॅम्प ड्युटी ६०० रुपये. एकूण ५५,८०० रुपये. म्हणजे शेअर ११ टक्क्यांहून जास्त वाढले तरच मुद्दल जागेवर राहील. भारतात यासाठी ठरावीक आकड्याची मर्यादा नाही. अमेरिकेत वर्षाला सहापेक्षा जास्त फेरे किंवा २० टक्क्यांवर खर्च हे अतिरेकी सौद्यांचं लक्षण मानतात. अंदाजासाठी ते आकडे वापरा. फ्युचर्स-ऑप्शन्सला (वायदे बाजारातल्या सौद्यांना) मात्र ही फेऱ्यांची मोजणी लागू पडत नाही. तिथे एकूण खर्चाची भांडवलाशी तुलना करा.

तरीही तक्रारीचा मुख्य मुद्दा ‘सौदे फार झाले’ हा ठेवू नका. ‘हे सौदे मी सांगितलेच नव्हते’ असं असेल तर तेच पुढे करा. अतिरेक तुम्हाला सिद्ध करावा लागतो, ऑर्डरचा पुरावा मात्र ब्रोकरला द्यावा लागतो. सेबीच्या मार्च २०१८ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरकडे असायलाच हवा: सही केलेला कागद, फोनचं रेकॉर्डिंग, ईमेल, एसएमएस किंवा ऑनलाइन ऑर्डरचा लॉग. कॉन्ट्रॅक्ट नोटवर प्रत्येक ऑर्डरचा क्रमांक आणि वेळ छापलेली असते. ऑर्डर ११:४२ ची असेल तर तुमच्या होकाराचं रेकॉर्डिंग त्याआधीचं हवं. संध्याकाळी येणारा ‘आज हे सौदे झाले, ठीक आहे ना?’ हा फोन याच कारणासाठी धोक्याचा आहे. त्यावर ‘हो’ म्हणालात की तोच होकार पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जातो. ‘हे मी सांगितलं नव्हतं, मला मान्य नाही’ असं त्याच फोनवर स्पष्ट बोला.

त्याच दिवशी ब्रोकरच्या तक्रार-ईमेलवर आणि कंप्लायन्स ऑफिसरला (ब्रोकरकडच्या नियमपालन अधिकाऱ्याला) लिहा. डीलरला व्हॉट्सअॅप करून थांबू नका. मजकूर एवढा पुरे: ‘अमुक तारखेचे, अमुक ऑर्डर क्रमांकांचे सौदे माझ्या सूचनेशिवाय झाले आहेत, ते मला मान्य नाहीत. ऑर्डरपूर्वीची रेकॉर्डिंग आणि ऑर्डर कुठल्या संगणकावरून गेली त्याच्या नोंदी (टर्मिनल व आयपी लॉग) द्याव्यात. खुल्या पोझिशन (अजून बंद न झालेले सौदे) ब्रोकरने स्वतःच्या जबाबदारीवर बंद कराव्यात.’ महिनोन्‌महिने गप्प राहिलात तर ग्राहकाला सगळं माहीत होतं, असा बचाव ब्रोकर करतो. बहुतेक तक्रारी तिथेच ढिल्या पडतात.

लगोलग ट्रेडिंग खातं गोठवायला सांगा आणि पासवर्ड बदला. डीडीपीआय (डीमॅट खात्यातले शेअर वळते करण्यासाठी ब्रोकरला दिलेलं अधिकारपत्र) दिलं असेल तर रद्द करा. ते शेअरची डिलिव्हरी, तारण अशा मोजक्या कामांसाठी असतं, सौदे करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. केवायसीतला मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना, हे पाहा. तिथे डीलरचा ईमेल घातलेला असेल तर कॉन्ट्रॅक्ट नोट तुमच्यापर्यंत पोचतच नाही. ब्रोकरच्या कागदांवर विसंबून न राहता एक्स्चेंजचे एसएमएस, एनएसई-बीएसईच्या संकेतस्थळावरची सौदा-पडताळणी आणि सीडीएसएल-एनएसडीएल या डिपॉझिटरींचं (शेअर डीमॅट स्वरूपात ठेवणाऱ्या संस्थांचं) स्टेटमेंट यांच्याशी नोंदी ताडून पाहा.

उत्तर समाधानकारक नसेल तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर जा. घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, आणि ती आल्यावर ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते पटलं नाही तर १५ दिवसांत फेरतपासणी मागा. तरीही निकाल लागला नाही तर स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन तंटा निवारण पोर्टलवर आधी सामोपचार आणि मग लवाद. तिथे आरोपांपेक्षा तक्ता उपयोगी पडतो: तारीख, ऑर्डर क्रमांक, वेळ, शेअर, रक्कम, दलाली, आणि शेवटच्या रकान्यात ‘पुरावा आहे / नाही’. भरपाई मागताना तोटा, दलाली आणि कर यांचे आकडे वेगवेगळे लिहा.

‘महिन्याला अमुक टक्के नक्की’ असं लिहून देणारा किंवा स्वतःच्या खात्यात पैसे मागणारा ऑथराइज्ड पर्सन भेटला तर त्याचा मेसेज जपून ठेवा. परताव्याची हमी देण्याची आणि ग्राहकाचे पैसे स्वतःकडे घेण्याची, दोन्हींची त्याला मनाई आहे. दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या मर्जीने हाताळायचे तर सेबीकडे पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून नोंदणी लागते आणि तिथे किमान गुंतवणूक ५० लाख रुपयांची असते. दोन-पाच लाखांचं खातं ‘मी सांभाळतो’ म्हणणाऱ्या डीलरला तो अधिकार नाही.