जुनं इंडक्शन गेलं? नवीन घ्यायच्या आधी घरात एवढं बघून घ्या

इंडक्शन बंद पडलं की बहुतेक जण मोबाइल उघडतात, वॉट आणि किंमत बघतात, आणि दोन दिवसांत नवीन डबा घरी. मग कळतं की कुकर त्यावर चालतच नाही, किंवा प्लग इतका गरम होतोय की हात लावता येत नाही, किंवा दूध मंद ठेवलं तरी उतू जातंय. म्हणून माझं म्हणणं असं की इंडक्शन आपल्या ओट्यासमोर उभं राहून ठरवायचं, दुकानात फक्त घ्यायला जायचं. आपलं सॉकेट कुठलं, भांडी कुठली आणि आपण रोज काय शिजवतो, एवढं नक्की झालं की शंभर मॉडेलमधली दोन-तीनच उरतात. मी इंदूरच्या आपल्या मराठी घरांच्या हिशोबाने लिहितेय, पण बाकी ठिकाणीही फार फरक पडणार नाही.

सगळ्यात आधी जुनं खरंच गेलंय का ते बघा. लाइटच येत नसेल तर त्याच सॉकेटला दुसरं काहीतरी लावून बघा, कधी कधी सॉकेटच जळालेलं असतं आणि आपण इंडक्शनला दोष देतो. आत बहुतेक वेळा फ्यूज आणि आयजीबीटी नावाचा पार्ट उडालेला असतो, हाच पार्ट काचेखालच्या कॉइलमधला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातला, करंट सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा चालू-बंद करत असतो, त्यामुळे व्होल्टेज अचानक उसळलं की पहिला मार यालाच बसतो. हे दुरुस्त होतं आणि इंदूरला महाराणी रोडवर पार्टही मिळतात. दुसरं कारण म्हणजे झुरळं, पंख्याच्या जाळीतून आत जातात, आत उबदार असतं ना, आणि मग सर्किट शॉर्ट होतं. फक्त पंखा बिघडला असेल तर काम आणखी सोपं. पण दुरुस्तीचा खर्च नवीन मशीनच्या निम्म्यावर जात असेल तर माझ्या मते त्यात पैसे घालू नका. आणि वरची काच तडकली असेल तर तो विषय तिथेच संपला, टेप लावून, फेविक्विक लावून अजिबात वापरायचं नाही, कारण सांडलेलं पाणी तड्यातून थेट करंट असलेल्या भागावर जातं. लगेच प्लग काढून ठेवा.

आता सॉकेट. हे मी सगळ्यात जास्त जीव तोडून सांगते कारण इथेच आग लागते. हिशोब सोपा आहे, वॉटला २३० ने भागा की अँपिअर येतात. १२०० वॉटचं इंडक्शन साधारण सव्वापाच अँपिअर घेतं, म्हणजे ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर ते अगदी काठावर चालतं. २००० वॉटचं पावणेनऊ अँपिअर घेतं, त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेटच पाहिजे, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो. म्हणूनच त्याला जाड पिनांचा प्लग येतो, आणि लोक काय करतात तर वीस-तीस रुपयांचा कन्व्हर्टर आणून तोच प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवतात. असं करू नका हो, आणि एक्स्टेन्शन बोर्डवर तर नाहीच नाही. रामबाग, नारायण बाग या बाजूच्या जुन्या घरांत स्वयंपाकघरात मोठा पॉइंट बऱ्याचदा नसतोच, तिथे आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून मेन बोर्डापासून २.५ स्क्वेअर एमएमची वेगळी तांब्याची वायर ओढून घ्या, तिला स्वतःचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) लावा आणि अर्थिंग तपासून घ्या, मगच २००० वॉटचा विचार करा. भाड्याचं घर असेल, मालक वायरिंग करू देत नसेल तर गुपचूप १२०० वॉटचं घ्या, स्वयंपाक होतो त्यावर, फक्त थोडा वेळ लागतो. एक लिटर पाणी २००० वॉटवर तीन-साडेतीन मिनिटांत उकळतं, १२०० वर पाच-साडेपाच मिनिटं लागतात, फरक एवढाच. आणि घरच्या साध्या इन्व्हर्टरवर इंडक्शन चालेल ही आशा ठेवू नका, लाइट गेली तर गॅस आहेच.

बिलाचंही बघून घ्या. एक लिटर पाणी उकळायला साधारण ०.१ युनिट लागतं. १४.२ किलोच्या एका सिलिंडरवर जेवढा स्वयंपाक होतो तेवढा सगळा इंडक्शनवर केला तर अंदाजे १३० ते १४० युनिट जातात. आता आपल्या मध्य प्रदेशात महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असला तर पहिल्या १०० युनिटचे १०० रुपयेच लागतात, ती सवलत १५० च्या वर गेलात की जाते. त्यामुळे ज्यांचं बिल आत्ता ११०-१२० युनिटवर आहे त्यांनी सगळा स्वयंपाक इंडक्शनवर न्यायच्या आधी कागदावर हिशोब मांडा. ज्यांचा वापर आधीच अडीचशे-तीनशे आहे त्यांना हा प्रश्न नाही, त्यांनी आपल्या बिलातला युनिटचा दर घेऊन सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघायचं.

भांड्यांसाठी फ्रिजवरचं लोहचुंबक काढा आणि एकेक भांडं उलटं करून बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर चालेल, लटपटत चिकटलं तर चालेल पण हळू, नाही चिकटलं तर नाही चालणार. स्टीलचं आहे म्हणजे चालेलच असं नाही, चांगल्या प्रतीच्या बऱ्याच स्टीलला चुंबक चिकटतच नाही. अ‍ॅल्युमिनियमचा जुना कुकर, पितळी पातेलं, तांब्याचा तळ असलेली भांडी, ही सगळी बाद. भाकरीचा लोखंडी तवा चालतो, पण तो वापरून वापरून मध्ये खोलगट झालेला असतो आणि काचेवर सपाट बसत नाही, मग मधे जळतं आणि कडेला कच्चं राहतं. गोल बुडाची कढई चालत नाही. फोडणीची छोटी पळी आणि एका कपाचं चहाचं भांडं बऱ्याच मशीनना कळतच नाही, बूड साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान असलं की मशीन टीं टीं करतं आणि बंद होतं. आता घरातली किती भांडी बाद होतायत ते मोजा आणि नव्या कुकरचे, नव्या कढईचे पैसे इंडक्शनच्या किमतीत धरा, तेव्हा खरा खर्च कळतो. भांडी बर्तन बाजारात घेणार असाल तर चुंबक पर्समध्ये घेऊनच जा, दुकानदार इंडक्शन बॉटम आहे म्हणाला तरी लावून बघा, कोणी वाईट वाटून घेत नाही. इंडक्शनवर ठेवायची ती लोखंडी चकती मिळते ना, जिच्यावर कुठलंही भांडं ठेवा म्हणतात, ती नका घेऊ. चकती तापते, भांडं कमी तापतं, आणि उष्णता खाली काचेत जाऊन मशीन बंद पडतं.

याच मुद्द्यावर दुकानात तुम्हाला इन्फ्रारेड चूल दाखवतील, सगळी भांडी चालतात ताई म्हणून. खरंच चालतात, पण ते इंडक्शन नाही. त्यात आतली कॉइल लाल होते, काच तापते आणि काचेमुळे भांडं तापतं. वेळ जास्त, युनिट जास्त, आणि भांडं उचलल्यावरही काच बराच वेळ भाजेल इतकी गरम राहते. घरात लहान मूल ओट्यापर्यंत पोचत असेल तर मी तरी नाही घेणार. पितळी भांड्यांतच स्वयंपाक करायचा असेल तर गॅसच बरा.

आता ज्या गोष्टीकडे कोणी बघत नाही ती, मंद आंच. डब्यावर २०० वॉटपासून २००० वॉटपर्यंत लिहिलेलं असतं, पण स्वस्त मशीन २०० वॉट सलग देतच नाही, ते काही सेकंद ८००-१००० वॉट देतं आणि काही सेकंद बंद राहतं, सरासरी २०० येते. पाणी उकळायला किंवा कुकर लावायला याने काही बिघडत नाही. पण भुट्ट्याचा (मक्याचा) किस करताना बघा, दूध घातल्यावर मंद आंचेवर सारखं परतत राहायचं असतं, तिथे हे चालू-बंद चाललं की चालू झाल्या क्षणी बुडाला लागतं. पुरण आटवताना तेच, बासुंदीला तेच, साबुदाण्याची खिचडीही तळाला धरते. म्हणून दुकानात डेमो मागा, पातेल्यात दोन कप पाणी उकळवून आंच सगळ्यात खाली आणायची आणि बुडबुडे बघायचे. सारखे हलके येत राहिले तर मशीन चांगलं, एकदम उसळून मग पूर्ण थांबले, परत उसळले, तर ते चालू-बंदवालं. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढची पाच वर्षं त्याच्यावर अवलंबून आहेत. जे दुकान डेमो द्यायला तयार नाही तिथून मी घेणार नाही. ऑनलाइन घेणार असाल तर हीच चाचणी घरी पहिल्याच दिवशी करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

त्याच डेमोत कॉइलचा आकारही कळतो. पाणी उकळताना बुडबुडे पातेल्यात कुठे येतायत ते बघा, फक्त मधल्या छोट्या गोलात येत असतील तर कॉइल लहान आहे, अशावर पोळीचा तवा मधे लाल आणि कडेला गार राहणार. चार-पाच माणसांच्या घरात मोठी कॉइल हवीच.

बटणं टच की दाबायची? टच दिसतं छान आणि पुसायला सोपं, पण कणकेच्या हाताने, ओल्या हाताने ते ऐकत नाही, आणि दूध उतू जाऊन बटणांवर आलं की मशीन आपलं आपण बंद होतं. दाबायची बटणं वर्षा-दोन वर्षांत वरचं प्लास्टिक फाटून मरतात. घरात आजी-आजोबा वापरणार असतील तर गोल फिरवायची नॉब असलेलं मिळतं का ते आधी बघा, आंच वाढवायची-कमी करायची सवय हाताला असते तीच कामाला येते. शिट्ट्या मोजणारं, इडली-डोसा असं लिहिलेलं बटण, यासाठी जास्त पैसे देऊ नका, आठवड्यानंतर कोणी हात लावत नाही. लॉकचं बटण मात्र मुलांच्या घरात पाहिजेच.

आणि एक महत्त्वाचं, घरात कोणाला पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालू इंडक्शनपासून पेसमेकर किमान ६० सेंटिमीटर लांब ठेवायला सांगतात, म्हणजे ओट्याशी उभं राहून ढवळणं त्या माणसाने करायचं नाही.

ओट्यात बसवलेला हॉब बदलायचा असेल तर टेप घेऊन ग्रॅनाइटमधलं भोक मोजा, लांबी, रुंदी आणि खालची खोली. ६० सेंटिमीटरच्या हॉबला बऱ्याचदा ५६ बाय ४९ चं भोक लागतं, पण प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, कंपनीच्या कागदावरचा आकडाच खरा धरायचा. भोक लहान पडलं तर मिस्त्री कापून वाढवतो, मोठं निघालं तर काही करता येत नाही, म्हणून शंका असेल तर मोठ्या काचेचा हॉब घ्या. खाली ड्रॉवर असेल तर हवेला जागा सोडलीय का बघा, नाहीतर पंखा गरम हवाच परत ओढतो. चार शेगड्यांचा हॉब ७००० वॉटच्या वर जातो, म्हणजे तीस अँपिअर, त्याला ३२ अँपिअरचा एमसीबी आणि ६ स्क्वेअर एमएमची वायर लागते. वीज बिलावर स्वीकृत भार, म्हणजे मंजूर लोड, लिहिलेला असतो तो बघा, ३ किलोवॉट असेल तर आधी लोड वाढवायचा अर्ज, मग हॉब.

गॅस पूर्ण काढून टाकू नका असं माझं मत. फुलका फुगवायला, वांग्याचं भरीत भाजायला, पापडाला आच लागतेच.

घेताना आयएसआयचा शिक्का बघा, वॉरंटी बहुतेक एक वर्षाची असते, आणि सर्व्हिस सेंटर इंदूरमध्ये आहे की सामान भोपाळला जाणार ते पिनकोड टाकून आधीच बघा. पक्कं बिल घ्या, वॉरंटीच्या वेळी कच्ची पावती कोणी मानत नाही. घरी आणल्यावर भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, खाली पेपर किंवा प्लास्टिक अंथरू नका, पंख्याला चिकटतं. पहिल्या आठवड्यात अर्धा तास चालवल्यावर प्लगला हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेट ढिलं आहे, लगेच बदलून घ्या. स्वयंपाक झाल्या झाल्या भिंतीवरचं बटण बंद करू नका, आतला पंखा थांबेपर्यंत दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, आयजीबीटी जास्त टिकतो. गूळ किंवा साखरेचा पाक काचेवर सांडला तर मात्र मशीन बंद करून काच कोमट असतानाच ओल्या फडक्याने काढा, गार झाला की दगड होतो आणि खरवडताना काच जाते.

जुनं मशीन दुकानदार एक्स्चेंजमध्ये घेतो का विचारा. नाही घेतलं तर भंगारवाल्याला तांब्यासाठी देण्यापेक्षा सकाळच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो त्यात द्या, सुक्या कचऱ्यात टाकू नका. काच फुटलेली असेल तर पेपरमध्ये गुंडाळून, टेप लावून, गाडीवरच्या माणसाला सांगून हातात द्या.