कोडच्या साफसफाईचा लहान पॅच तपासताना या चुका टाळा

युनिक्सच्या एखाद्या कमांड-लाइन युटिलिटीतील साफसफाईचा पॅच (कोडमधील बदलांचा संच) बहुधा दहा-वीस ओळींचा असतो आणि वर्णनात ‘वर्तनात बदल नाही’ एवढेच लिहिलेले असते. हा केवळ पॅच लिहिणाऱ्याचा दावा आहे. तो पडताळून न पाहता, केवळ ओळी थोड्या आहेत म्हणून मंजुरी देणे ही सर्वांत मोठी चूक होय.

व्हेरिएबलचा प्रकार बदललेला दिसला की थांबावे. सी भाषेतील, इनपुटमधून एकेक बाइट वाचणाऱ्या ‘गेटचार’ फंक्शनचे उत्तर ठेवणारे ‘इंट’ (पूर्णांकाचा प्रकार) कुणाला तरी उगाच मोठे वाटते आणि त्याचे ‘चार’ (एका बाइटचा प्रकार) केले जाते. परंतु हे फंक्शन ० ते २५५ या बाइटांखेरीज फाइल संपल्याची खूण म्हणून एक ऋण संख्याही परत करते, जी बहुतेक ठिकाणी −१ असते. ‘चार’ साइन्ड (ऋण संख्याही ठेवणारा) असेल तिथे २५५ हा बाइट आला की तो −१ म्हणून वाचला जातो आणि प्रोग्राम फाइल संपली असे समजून मध्येच थांबतो. ‘चार’ अनसाइन्ड (ऋण संख्या न ठेवणारा) असेल तिथे, उदाहरणार्थ एआरएम प्रोसेसरवरील लिनक्समध्ये, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप थांबत नाही. साइन्ड ‘चार’ असलेल्या मशीनवर साध्या इंग्रजी मजकुराची चाचणी मात्र बिनबोभाट पार पडते, म्हणून हा दोष लपून राहतो. कमांडला दिलेले पर्याय वाचणाऱ्या ‘गेटऑप्ट’ फंक्शनबाबतही हीच काळजी घ्यावी.

ओळींचा क्रम बदलला असेल तर ‘एरनो’कडे, म्हणजे शेवटच्या एररचा क्रमांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलकडे, पाहावे, कारण एरर छापण्याआधी फाइल बंद करणारी ओळ आली तर मूळ कारण पुसले जाऊ शकते.

शेवटी स्टँडर्ड आउटपुट बंद करून त्याचा निकाल तपासणारा कोड निरुपयोगी समजून काढला जातो, याचे मला फार वाईट वाटते. आउटपुट बफरमध्ये (मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात) साठत असल्याने डिस्क भरल्याचे अनेकदा तिथेच कळते. लिनक्सवर आउटपुट ‘/डेव्ह/फुल’ या, लिहिताना नेहमी डिस्क भरल्याची एरर देणाऱ्या खास फाइलकडे वळवून पॅचच्या आधीचा व नंतरचा एक्झिट स्टेटस (प्रोग्राम संपताना परत देतो तो अंक) ताडून पाहावा. मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’ कमांडमध्ये १ म्हणजे जुळणी नाही आणि २ म्हणजे एरर, असे भेद एकत्र झाले तर त्यांवर विसंबलेल्या स्क्रिप्ट बिघडतात.

इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) आणि तर्क यांचे बदल एकाच पॅचमध्ये असतील, तर ते वेगळे करून मागावेत. त्याच वेळी स्वतःच्या आवडीच्या आणखी चार दुरुस्त्या सुचवू नयेत. त्यांसाठी स्वतंत्र पॅच असावा.