फोल्डरच्या पोटात फोल्डर: पाथ वाचून आकार कसा काढावा

एरिक वास्टल यांच्या ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ या डिसेंबरातल्या प्रोग्रामिंग कोड्यांच्या मालिकेत २०२२ साली सातव्या दिवशी आलेलं कोडं पाथ, म्हणजे मुळापासून फोल्डरापर्यंतचा पत्ता, हाताळायचा सराव करायला फार चांगलं आहे. इनपुट म्हणजे टर्मिनलवरच्या ओळी: ‘सीडी’ (फोल्डर बदलणारी) आणि ‘एलएस’ (फोल्डरातली यादी दाखवणारी) या कमांड आणि त्यांचं आउटपुट. त्यावरून प्रत्येक फोल्डरचा आकार काढायचा, पोटातल्या फोल्डरांसकट. पहिल्या भागात १,००,००० किंवा त्याहून लहान फोल्डरांची बेरीज मागितली आहे. दुसऱ्या भागात डिस्क ७ कोटींची, त्यातली ३ कोटी जागा मोकळी हवी. त्यासाठी उडवता येईल असा सर्वांत लहान फोल्डर शोधायचा.

बरेच जण लगेच ट्री, म्हणजे फोल्डरांची झाडासारखी रचना, बांधायला घेतात: नोडचा क्लास, पालकाचा पॉइंटर, शेवटी रिकर्शन (स्वतःलाच बोलावणारं फंक्शन). चूक काहीच नाही, पण एवढ्या खटाटोपाची गरजही नाही. एक स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशी चळत) आणि एक डिक्शनरी (की दिली की तिची किंमत देणारी नोंदवही) पुरते.

आधी प्रत्येक ओळ मोकळ्या जागांवर तोडा. ‘सीडी’नंतर ‘/’ असेल तर स्टॅक रिकामा करून त्यात फक्त मूळ फोल्डर ठेवा. ‘..’ (एक पायरी वर) असेल तर स्टॅकच्या टोकावरचं नाव काढा, मात्र मूळ फोल्डर कधीही काढू नका. दुसरं कुठलंही नाव आलं तर ते स्टॅकवर चढवा. ‘एलएस’ची ओळ आणि ‘डीआयआर’ने सुरू होणाऱ्या, आतल्या फोल्डरांची नावं सांगणाऱ्या ओळी सरळ सोडून द्या, त्या फोल्डरात शिरल्यावर त्याची माहिती मिळणारच आहे.

उरल्या आकड्याने सुरू होणाऱ्या ओळी, म्हणजे फाइली. खरं काम इथेच आहे. फाइलचा आकार फक्त चालू फोल्डरात नाही, तर मुळापासून चालू फोल्डरापर्यंतच्या प्रत्येक फोल्डरात मिळवायचा. कोड्यासोबत दिलेल्या छोट्या नमुन्यात ‘ए’च्या आत ‘ई’ आहे आणि ‘ई’मध्ये ५८४ आकाराची एकच फाइल. ती ओळ वाचताना स्टॅक असतो ‘/’, ‘ए’, ‘ई’. म्हणून ५८४ तीन ठिकाणी जमा होतात: ‘/’, ‘/ए’ आणि ‘/ए/ई’. ‘ए’मधल्या बाकी तीन फाइली २९,११६, २,५५७ आणि ६२,५९६ यांच्या, म्हणजे ‘ए’ भरतो ९४,८५३. १,००,०००च्या आत हे दोनच फोल्डर बसतात, म्हणून नमुन्यात पहिल्या भागाचं उत्तर ९४,८५३ अधिक ५८४, म्हणजे ९५,४३७. ५८४ दोनदा मोजले गेले, पण कोड्यात तेच अपेक्षित आहे. ते वजा करायला जाऊ नका.

डिक्शनरीत नोंद नुसत्या नावाने करू नका, पूर्ण पाथने करा. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, कारण नमुन्यात एकही फोल्डरनाव दुसऱ्यांदा येत नाही. नमुन्याचं उत्तर बरोबर येतं, खऱ्या इनपुटचं चुकतं. वेगवेगळ्या शाखांत एकाच नावाचे फोल्डर असले की त्यांचे आकार एकमेकांत मिसळतात. पायथनमध्ये लिस्ट डिक्शनरीची की म्हणून चालत नाही, टाइपएरर येतो. स्टॅकचा तुकडा टपल (न बदलणारी यादी) करून वापरा. पाथ स्ट्रिंग म्हणून ठेवून ‘हा त्याच्या आत आहे का’ हे सुरुवातीची अक्षरं जुळवून पाहणंही धोक्याचं, कारण ‘/एबी’ची सुरुवातही ‘/ए’नेच होते.

एकाच फोल्डरात दोनदा ‘एलएस’ झालं तर आकार दुप्पट होतो. मोजलेल्या फाइलींचे पूर्ण पाथ एका सेटमध्ये (एक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संचात) ठेवले आणि त्यात असलेली फाइल पुन्हा मोजली नाही की ही भीती उरत नाही. एवढी खबरदारी घ्याच.

दुसऱ्या भागात वापरलेली जागा म्हणजे फक्त ‘/’चा आकार: नमुन्यात ४,८३,८१,१६५. मोकळी २,१६,१८,८३५, अजून हवी ८३,८१,१६५. तेवढा किंवा त्याहून मोठा असलेला सर्वांत लहान फोल्डर ‘डी’, आकार २,४९,३३,६४२. इथे डिक्शनरीतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज ‘वापरलेली जागा’ म्हणून घेतली तर ती ७,३४,१०,२४४ होते, डिस्कपेक्षाही मोठी. मग हवी असलेली जागा ३,३४,१०,२४४ निघते, तेवढा मोठा फक्त ‘/’ सापडतो आणि ‘डी’ऐवजी ४,८३,८१,१६५ हे चुकीचं उत्तर येतं. ते दिसलं तर सर्वांत लहान शोधणारी ओळ सोडा, ही बेरीज तपासा.