ऑनलाइन तिकीट काढताना शेवटच्या पानावर वाढणारे पैसे: कुठे बघायचं, काय काढून टाकायचं

तिकिटाची किंमत दिसली रे दिसली की लगेच ग्रुपवर "एवढ्याला मिळतंय, काढू का सगळ्यांचं?" असं टाकू नका, ही पहिली गोष्ट. कार्यक्रम गाण्याचा असो, नाटकाचा असो, मॅच असो नाहीतर सिनेमा, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तेवढेच पैसे खात्यातून जातील याची काही खात्री नसते. खरा आकडा पेमेंटच्या अगदी आधीच्या पानावर येतो आणि तिथे पोचेपर्यंत आपण सीट निवडलेली असते, नाव-नंबर भरलेला असतो, वर टायमर पळत असतो, सोबत येणाऱ्यांना हो म्हणून झालेलं असतं, त्यामुळे हजाराचं तिकीट तेराशेला पडतंय हे दिसत असूनही माणूस "जाऊ दे आता" म्हणून पे दाबतो.

आणि हे आपोआप होत नाही हो, याचा परिणाम मोजलेला आहे. स्टबहब नावाच्या तिकीट रिसेलच्या (म्हणजे लोकांनी आधी घेतलेली तिकिटं पुन्हा विकणाऱ्या) साइटने २०१५ मध्ये लाखो ग्राहकांवर एक प्रयोग केला, काहींना फी धरून किंमत सुरुवातीलाच दाखवली आणि काहींना फी शेवटी चेकआउटला. ज्यांना ती शेवटी दिसली त्यांनी साधारण २१ टक्के जास्त खर्च केला, खरेदी पूर्ण करण्याचं प्रमाणही त्यांच्यात सुमारे १४ टक्क्यांनी जास्त होतं, वर ते जास्त महागड्या सीटकडेही वळले. म्हणजे फी लपली की आपण नुसती फीच जास्त भरत नाही तर आपली निवडच बदलते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

फी किती असू शकते याचा अंदाज हवा म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या जीएओ या सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये अहवाल दिला होता, त्यांनी तपासलेल्या कार्यक्रमांत थेट विक्रीच्या तिकिटावर सरासरी २७ टक्के फी होती आणि रिसेलला ३१ टक्के. ही सरासरी झाली, स्वस्त तिकिटावर तर याहून वाईट अवस्था असते. मार्च २०२३ मध्ये द क्युअर या बँडने मुद्दाम २० डॉलरची स्वस्त तिकिटं ठेवली होती, तिकीटमास्टर या तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या साइटवर. एका चाहत्याने चार तिकिटांचं बिल टाकलं ते खूप फिरलं. तिकिटांचे ८० डॉलर. त्यावर प्रत्येक तिकिटामागे ११.६५ सर्व्हिस फी, प्रत्येक तिकिटामागे १० डॉलर कार्यक्रमाच्या ठिकाणाचा चार्ज, आणि पूर्ण ऑर्डरवर एकदा ५.५० प्रोसेसिंग फी. एकूण १७२.१०, म्हणजे ८० च्या तिकिटांवर ९२.१० ची फी! गायक रॉबर्ट स्मिथने यावर जाहीरपणे आवाज उठवला, मग कंपनीने सगळ्यात स्वस्त तिकिटांमागे १० डॉलर आणि बाकीच्यांना ५ डॉलर परत द्यायचं कबूल केलं. हे बिल लक्षात ठेवा, कारण तिकिटाचं बिल कसं वाचायचं ते यावरूनच कळतं.

बिलातली प्रत्येक ओळ बघून एकच प्रश्न विचारायचा, ही रक्कम तिकिटामागे आहे, ऑर्डरमागे आहे की टक्क्यात आहे? नावं काहीही असतात, कन्व्हिनियन्स फी, बुकिंग फी, सर्व्हिस फी, प्लॅटफॉर्म फी, हँडलिंग चार्ज, नावाच्या मागे लागू नका. ऑर्डरमागे एकदाच लागणारी फी असेल तर सगळ्या मित्रांची तिकिटं एकत्र काढायची, वरच्या उदाहरणात चौघांनी वेगवेगळी काढली असती तर ५.५० चे २२ झाले असते. तिकिटामागे फी असेल तर एकत्र काढून काही वाचत नाही, उलट स्वस्त सीटला ती किमतीच्या मानाने जास्त पडते, कधीकधी थोडी वरची सीट घेतली तर पैशाचं मोल जास्त मिळतं. टक्क्यात असेल तर महाग सीटबरोबर फीसुद्धा वाढते, आणि फीवर परत टॅक्स असतो तो वेगळाच, तो बहुतेक सगळ्यात खालच्या ओळीत असतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. विक्री सुरू व्हायच्या आधी, निवांत असताना, त्याच साइटवर दुसऱ्या कुठल्यातरी साध्या कार्यक्रमाचं तिकीट कार्टमध्ये टाकून पेमेंटच्या आदल्या पानापर्यंत जाऊन या, पैसे भरायचे नाहीत, नुसतं बघायचं. ही साइट किती आणि कशी फी लावते, कुठल्या पानावर दाखवते, कुठल्या टिक आधीच लावून ठेवते, सगळं कळतं. कार्यक्रमागणिक फी बदलते त्यामुळे आकडा तंतोतंत येणार नाही पण अंदाज पक्का होतो. मग स्वतःची कमाल मर्यादा ठरवायची आणि ती तिकिटाच्या किमतीवर ठरवायची नाही, सगळं धरून माणशी किती यावर ठरवायची, आणि सोबत येणाऱ्यांनाही तोच आकडा सांगायचा. नाहीतर नंतर एकाने जास्तीचे पैसे खिशातून भरायचे आणि मागायला लाजायचं असं होतं, हे किती ग्रुपमध्ये घडतं बघा.

काही साइटवर फिल्टरमध्ये "फी धरून किंमत दाखवा" असं बटण असतं, ते आधी चालू करा आणि मगच सीट बघायला लागा. दोन साइटची तुलना करायची असेल तर ती कायम शेवटच्या पानांची करायची. एकीकडे तिकीट ९०० आणि दुसरीकडे १००० दिसतं म्हणून पहिली स्वस्त असं धरू नका, पहिलीची फी २५० आणि दुसरीची ५० असू शकते.

शेवटच्या पानावर आलात की एकूण रकमेशेजारी छोटा बाण किंवा "तपशील" असं काहीतरी असतं, ते उघडाच. मोबाइलवर हे हमखास बंद असतं. उघडलं की जे तुम्ही निवडलेलं नाही ते दिसेल: तिकीट प्रोटेक्शन नाहीतर इन्शुरन्स, देणगीचे थोडे पैसे, खाण्याचा कॉम्बो, एसएमएसने तिकीट पाठवायचा चार्ज, कुठल्यातरी मेंबरशिपचा "पहिला महिना फुकट". आधीच लावून ठेवलेल्या टिक काढून टाका. देणगी द्यायची असेल तर जरूर द्या पण ती स्वतःच्या मनाने द्या, कोणीतरी टिक लावून ठेवली म्हणून नको. आणि काढायला गेलं की "नको, मला माझं तिकीट सुरक्षित ठेवायचं नाही" असलं वाक्य समोर येतं, तुम्हाला अपराधी वाटावं म्हणूनच ते तसं लिहिलेलं असतं, बिनधास्त दाबा. इन्शुरन्सचं म्हणाल तर तो शक्यतो तुमच्या आजारपणासारख्या ठरावीक कारणांसाठीच असतो, जायचा मूड गेला म्हणून पैसे मिळत नाहीत, आणि कार्यक्रमच रद्द झाला तर तिकिटाचे पैसे बहुतेक ठिकाणी आयोजकाकडून तसेही परत मिळतात. अटी वाचून मगच ठरवा.

तिकीट हातात कसं मिळणार तेही बघा. घरपोच, मोबाइलवर, जागेवर जाऊन घ्यायचं, यातल्या प्रत्येकाला वेगळा चार्ज असू शकतो आणि महागडा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो.

टायमरबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण सगळी घाई तिथेच होते. टायमर खरा असला तरी तो संपल्यावर होतं एवढंच की तुमच्या धरून ठेवलेल्या सीट सुटतात. पैसे जात नाहीत. गर्दीचा कार्यक्रम नसेल तर त्याच सीट पुन्हा मिळायची शक्यता बरीच असते. काही टायमर तर नुसतेच लावलेले असतात, पान पुन्हा उघडलं की परत पहिल्यापासून सुरू. "आत्ता इतके लोक हेच तिकीट बघताहेत" हेही तपासायची सोय आपल्याकडे नसते, त्यामुळे त्यावर निर्णय घेऊ नका. एक मात्र सांभाळा, मोठ्या कार्यक्रमाच्या ऑनलाइन रांगेत उभे असाल तर तिथे पान रिफ्रेश करू नका, नंबर जाऊ शकतो. रिफ्रेशची चाचणी साध्या कार्यक्रमावर करून बघायची, ऐन वेळी नाही.

कूपनचा हिशेब नीट करा. सूट बहुतेक वेळा फक्त मूळ तिकिटावर असते, फीवर नाही. समजा तिकीट १००० चं, फी तिकिटामागे १५०, आणि एकावर एक फ्री आहे. तिकिटाचे १००० आणि दोन्हींची फी ३००, म्हणजे १३००, माणशी ६५०. जाहिरात वाचून आपण ५०० धरून चाललेलो असतो. तरीही सौदा चांगलाच आहे, फक्त आकडा खरा माहीत असावा. सुटीला कमाल मर्यादाही असते, "५० टक्के" वाचून खालची ओळ वाचायची राहते.

पेमेंटच्या पद्धतीने फी बदलते का तेही पाहा, एकाच तिकिटाला कार्डाने वेगळी रक्कम आणि दुसऱ्या पद्धतीने वेगळी असं होऊ शकतं. युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये नेहमीच्या ग्राहक कार्डांवर असा जादा चार्ज लावायला जानेवारी २०१८ पासून बंदी आहे, सगळीकडे तसं नाही. परदेशातल्या कार्यक्रमाचं तिकीट असेल तर "तुमच्या चलनात पैसे भरा" असा पर्याय समोर येतो, सोयीचा वाटतो पण त्यातला विनिमय दर सहसा महाग असतो, त्यामुळे कार्यक्रम ज्या देशात आहे तिथल्याच चलनात भरा. बँकेचा परकीय व्यवहाराचा चार्ज वेगळा लागतो, तो आधी बँकेच्या ॲपमध्ये बघून ठेवा.

फी पूर्ण टाळायचा जुना मार्ग अजून आहे, तिकीट खिडकी. बऱ्याच ठिकाणी खिडकीवर बुकिंग फी नसते किंवा कमी असते, पण जायच्या आधी फोन करून दोन गोष्टी विचारा, खिडकीवर ऑनलाइनच्याच सीट मिळतात का आणि तिथे काही चार्ज आहे का. जाण्यायेण्याचा खर्च धरून परवडत असेल तरच जा. ऑनलाइनच काढायचं असेल तर सर्च करून पहिल्या लिंकवर जाऊ नका, वरच्या लिंक अनेकदा जाहिराती असतात आणि त्यात रिसेलवाले असतात, मूळ तिकीट शिल्लक असतानाही तिथे चढ्या भावाने विकतात. कलाकाराच्या, टीमच्या किंवा थिएटरच्या स्वतःच्या पानावरून अधिकृत विक्रेत्याकडे जायचं.

कायदा आता ग्राहकाच्या बाजूने सरकतोय ही चांगली गोष्ट आहे. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नवर, म्हणजे ग्राहकाला फसवून नको ते करायला लावणाऱ्या साइटच्या युक्त्यांवर, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकार दिलेत आणि किंमत हळूहळू वाढवत नेणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, खोटी घाई दाखवणं हे सगळं त्यात आहे. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून आणि अमेरिकेत कार्यक्रमांच्या तिकिटांसाठी १२ मे २०२५ पासून सक्तीची फी सुरुवातीच्या किमतीतच दाखवायला लागते. अमेरिकेतल्या नियमाने फी बंद झालेली नाही आणि तिच्यावर मर्यादाही आलेली नाही, फक्त ती लपवायची नाही. कॅनडात सप्टेंबर २०२४ मध्ये सिनेप्लेक्स या थिएटर साखळीला ट्रायब्युनलने ३ कोटी ८९ लाख डॉलरच्या वर दंड ठोठावला, विषय होता तिकिटामागच्या दीड डॉलरच्या ऑनलाइन बुकिंग फीचा. त्यामुळे रक्कम छोटी आहे म्हणून तक्रार करायची लाज बाळगू नका.

तक्रारीसाठी पुरावा खरेदी करतानाच जमवावा लागतो, नंतर पान बदललेलं असतं. तीन स्क्रीनशॉट पुरेत: पहिल्या पानावरची किंमत, कार्ट, आणि तपशील उघडलेलं शेवटचं पान, वर तारीख-वेळ दिसेल असे. मग साइटला ईमेल करा, ॲपमधल्या चॅटवर अवलंबून राहू नका. मजकूर साधा ठेवा: "ऑर्डर क्रमांक अमुक. सुरुवातीला तिकिटामागे इतकी किंमत दाखवली, प्रत्यक्षात इतके घेतले. यातली अमुक नावाची रक्कम मी निवडलेली नव्हती, स्क्रीनशॉट जोडले आहेत. ती परत करावी, नाहीतर कोणत्या अटीनुसार घेतली ते लेखी कळवावं." राग मनात कितीही असला तरी ईमेलमध्ये नको, आकडे असू द्या. उत्तर आलं नाही तर आपापल्या देशाच्या ग्राहक यंत्रणेकडे जायचं, भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. परवानगीशिवाय घेतलेली रक्कम असेल किंवा रद्द झालेल्या कार्यक्रमाचे पैसे अडकले असतील तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो, त्याला मुदत असते म्हणून साइटच्या उत्तराची महिनोन्महिने वाट बघत बसू नका.

रिफंड आला तरी रक्कम मोजून घ्या, अनेकदा तिकिटाचे पैसे परत येतात आणि फी अटींमध्ये नॉन-रिफंडेबल म्हणून ठेवून घेतलेली असते. कार्यक्रम पुढे ढकलला असेल तर नियम वेगळे असतात, तारीख जमत नसेल तर रिफंड मागायची शेवटची तारीख ईमेलमध्ये शोधा, ती बऱ्याचदा लवकरची असते. आणि चुकून कुठली फुकट मेंबरशिप चालू झाली असेल तर ती त्याच दिवशी बंद करा, पुढच्या महिन्याचं कार्ड स्टेटमेंट त्यासाठी एकदा ओळ न ओळ तपासा.