समुपदेशनाला जाण्याआधी शाळेचा पट पाहा

शिक्षक भरतीतली टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी, पवित्र या भरती पोर्टलचे पसंतीक्रम हे सगळं तुम्ही पार केलंय, त्यावर बोलत नाही. जिल्हा मिळाला, आता जिल्हा परिषदेत समुपदेशन होईल आणि शाळा निवडायची वेळ येईल. मी पालघरची शिक्षिका, म्हणून उदाहरणं इकडची. पण रत्नागिरी, नंदुरबार, गडचिरोलीला जाणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

पडद्यावर रिक्त जागा दिसतात, गुणानुक्रमे नाव पुकारलं जातं, विचार करायला फार वेळ मिळत नाही. त्या वेळी प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, शाळा रोडटच, म्हणजे रस्त्यालगत, आहे का? हायवेलगतच्या, स्टेशनजवळच्या शाळा पहिल्या तासात संपतात. मोखाडा, जव्हारच्या पाड्यावरच्या शाळा शेवटपर्यंत तशाच राहतात. अंतर बघू नका असं मी म्हणणार नाही. घरी लहान मूल असेल, आजारी सासू असेल, तर अंतर बघावंच लागतं. पण फक्त अंतर बघितलंत तर फसाल.

मी रोडटच शाळाच घेतली होती. तीन शिक्षक मंजूर, तिसरी जागा रिकामी, पट (नोंदवलेली मुलं) साठच्या जरासा वर. शिक्षण हक्क कायद्याचं कोष्टक आठवा. पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3. म्हणजे माझी जागा दोन-चार मुलांवर उभी होती. त्यात गावात इंग्रजी शाळेची पिवळी बस यायला लागली. पालकांना दोष देत नाही, त्यांनाही पोराचं भलंच हवं असतं. पण पट हलला.

आणि पट म्हणजे वर्गात बसलेली मुलं नव्हेत, हे आधी कोणी सांगत नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणं, होते ती 30 सप्टेंबरच्या ऑनलाइन पटावर आणि त्यातही आधार वैध झालेल्या मुलांवर. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं जन्मवर्ष शाळेच्या जनरल रजिस्टरला एक आणि आधारला दुसरं. दुरुस्तीसाठी तिची आई मजुरी बुडवून तालुक्याला गेली, तिथे सर्व्हर डाउन. दुसऱ्यांदा गेली, जन्मदाखला नाही म्हणून परत. पोरगी रोज पहिल्या ओळीत बसायची, पाढे खणखणीत म्हणायची, पण संचमान्यतेच्या हिशेबात ती नव्हतीच. अशी चार-पाच मुलं झाली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, तोही सेवाकनिष्ठ, म्हणजे सेवेत सर्वांत नवा. आणि तशी कोण, तर नुकतीच आलेली मी.

समायोजनात, म्हणजे अतिरिक्त शिक्षकाला दुसरी शाळा देताना, मग उरलेल्या जागा पुढे येतात, आणि उरलेल्या म्हणजे समुपदेशनात कोणी न घेतलेल्या. म्हणून शाळा निवडण्यापूर्वी पट, मंजूर पदं, कार्यरत पदं आणि आधार बाकी असलेली मुलं, हे चार आकडे हातात ठेवा. पट सीमेवर असेल तर ती जागा पक्की समजू नका. मार्च 2024 मध्ये राज्याने संचमान्यतेचे निकष बदललेत, तो शासन निर्णय स्वतः वाचा. यूट्यूबवरच्या सरांचा व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नका. ते कटऑफ सांगतात, शाळा त्यांनी पाहिलेली नसते. ‘आपली सेटिंग आहे’ म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांब राहा. त्यापेक्षा त्याच केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) एखाद्या जुन्या बाईंना फोन करा. पावसात ओढा किती दिवस अडतो इथपासून सगळं त्या सांगतील. माझ्या मते खरा मार्गदर्शक तोच, जो त्या रस्त्याने रोज जातो.

‘आता मिळेल ते घेऊ, नंतर आंतरजिल्हा बदली करू’ हेही मनातून काढा. बदलीने नव्या जिल्ह्यात गेलात की सेवाज्येष्ठता शून्यापासून, म्हणजे अतिरिक्त ठरण्याच्या रांगेत पुन्हा तुम्हीच पुढे. शिवाय जिल्ह्यात रिक्त पदं जास्त असली की आदेश हातात असूनही कार्यमुक्त करत नाहीत. नव्या भरतीतल्यांसाठी बदलीच्या अटी वेगळ्या असू शकतात, जाहिरात ओळ न ओळ वाचा.

पाड्यावरच्या शाळेची भीती मात्र बाळगू नका. माझ्या आताच्या शाळेत मंजूर 2, पण बराच काळ मी एकटीच होते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 26 सांगतं की शाळेत 10 टक्क्यांहून जास्त पदं रिक्त नसावीत. दोनशिक्षकी शाळेत एक जागा रिकामी म्हणजे थेट 50 टक्के. जिल्ह्याच्या सरासरीत हे दिसत नाही, पण पहिलीच्या मुलाला दिसतं, कारण बाई चौथीला भागाकार शिकवत असताना तो नुसता बसून असतो. दिवाळीनंतर अर्धे पालक वीटभट्टीवर जातात, मुलं सोबत जातात. आजीकडे मागे ठेवा म्हणून घरोघर फिरावं लागतं. शिक्षणसेवकाच्या (सुरुवातीला मानधनावर असलेल्या शिक्षकाच्या) महिना 16,000 रुपयांत हे करणं सोपं नाही, खोटं सांगणार नाही.

पण जमतं. सुरुवातीचे काही महिने मुलांची वारली बोली समजत नाही, मग मुलंच शिकवतात. मोठ्या मुलांना गटप्रमुख केलं की एका खोलीत चार इयत्ता चालतात. 2017 पासूनच्या बदली धोरणात अवघड क्षेत्रात (दुर्गम म्हणून यादीत घातलेल्या शाळांत) तीन वर्षं काढलेल्याला बदली मागण्याचा हक्क आहे. त्यामुळे पाड्यावरची शाळा घेणार असाल तर ती आज अवघड क्षेत्राच्या यादीत आहे का, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. यादी बदलते, आणि शेजारचा पाडा यादीत असला म्हणून तुमचा असेलच असं नाही.