फायकसचं बोन्साय घरात कसं वाढवायचं?

वड, पिंपळ, उंबर ही सगळी फायकसच्याच कुळातली. घरातल्या बोन्सायसाठी मी मात्र नांदरुकच सुचवेन. त्याची पानं मुळात लहान, छाटणी तो सोसतो आणि खोडही लवकर भरतं.

आधी जागा ठरवा. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पूर्वेची खिडकी किंवा बाल्कनीलगतचा कट्टा उत्तम. टीव्हीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलात तर थोड्याच दिवसांत खाली पानांचा सडा पडेल. एकदा ठेवलेलं झाड सारखं हलवू नका, फायकसला ते मानवत नाही.

कुंडी बदलायची ती जूनमध्ये, दोन-चार पाऊस झाल्यावर. मुळांवरची माती बांबूच्या काडीने हलकेच सोडवा. सरळ खाली जाणारं जाड मूळ आधी कापा. एकूण मुळांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. उथळ कुंडीच्या भोकांवर जाळी ठेवून त्यावर मिश्रण भरा: विटांचे चाळलेले बारीक तुकडे 2 भाग, जाड वाळू 1, चांगलं कुजलेलं शेणखत 1. आपली काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. मग 2 आठवडे सावलीत ठेवा.

पाण्याला वेळापत्रक लावू नका. बोट मातीत पेराएवढं खुपसा. कोरडं लागलं तर भोकांतून निथळेपर्यंत पाणी द्या. एप्रिल-मेमध्ये ते रोज लागेल, डिसेंबरात दोन-तीन दिवसांआड.

कोवळ्या फांदीला 6-8 पानं आली की 2-3 ठेवून खुडा. कापलं की पांढरा चीक येतो. तो ओल्या फडक्याने टिपा आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.

वळण द्यायला फांदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड ॲल्युमिनियमची तार तिरकी गुंडाळा. पावसाळ्यात फांदी झपाट्याने फुगते, म्हणून दर आठवड्याला बघा. माझ्या झाडाच्या खालच्या फांदीवर तारेचा पीळ उमटला तो अजून गेलेला नाही. तार उलगडू नका, तुकडे करून काढा.

एखादं पान शेंगेसारखं दुमडलेलं दिसलं तर उघडा. आत बारीक काळे फुलकिडे असतात. अशी पानं तोडून पिशवीत बंद करून टाका.

आणि पारंब्या! दमट हवेत फांदीवर कोवळी टोकं फुटतात. त्यातली एखादी मातीपर्यंत न्यायची असेल तर स्ट्रॉ उभी चिरून तिच्याभोवती बसवा, आत ओलं शेवाळ भरा आणि खालचं टोक मातीत रोवा. पारंबी मातीत रुजली की स्ट्रॉ काढून घ्या.